विचार करायला चोवीस तास

"उद्या नको, बाईसाहेब. आत्ताच लिहून घ्या."

बिरा मेटकरी हात जोडून तिसऱ्यांदा तेच म्हणाला. चेंबरमध्ये आम्ही तिघंच होतो: मी, तो आणि माझे कारकून नाईकनवरे. त्याला घेऊन आलेल्या दोघा हवालदारांना मी दाराबाहेरच काय, पार आवारातल्या कडुनिंबाखाली पिटाळलं होतं. बेडी काढायला लावली होती, दार आतून लावून घेतलं होतं. कायदा सांगतो तसं सगळं, काना-मात्रेचाही फरक नाही.

"घाई करू नका, मेटकरी," मी म्हणाले. "कबुली द्यायची की नाही, याचा शांतपणे विचार करायला तुम्हाला वेळ मिळाला पाहिजे. चोवीस तास देते."

"इचार झालाय माजा."

"तरीही."

"किती वाजलं, बाईसाहेब?"

"सव्वादोन."

त्यानं बंद दाराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "आत्ता बसला तर पाचपतोर हुईल की. म्या समदं सांगतु. एक बी शबूद लपवत न्हाई."

अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर. मी अठ्ठावीस वर्षांची, नोकरीतली पहिली नेमणूक, आणि त्या तालुक्याच्या गावात येऊन मला जेमतेम सहा आठवडे झाले होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत आणि या वयात मला जुनी भांडणं उकरून काढायची हौस नाही.

खटला खुनाचा होता. द्रौपदाबाई लेंगरे नावाच्या सत्तरीच्या बाई वस्तीवर एकट्या राहायच्या. एका सकाळी त्या अंगणात मरून पडलेल्या सापडल्या. डोक्यावर घाव होता आणि गळ्यातली बोरमाळ नाहीशी झाली होती. आदल्या दिवशी बिरा त्यांची बारा मेंढरं कातरून गेला होता. गावोगाव फिरून लोकांची मेंढरं कातरणं हाच त्याचा धंदा. वस्तीवर शेवटचा दिसलेला परका माणूस तोच, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. नऊ दिवस तो पोलीस कोठडीत होता. दहाव्या दिवशी इन्स्पेक्टर गुळव्यांचं पत्र आलं, आरोपी कबुलीजबाब देऊ इच्छितो.

पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला आपल्या कायद्यात किंमत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे दिली, की मात्र ती दगडावरची रेघ. माणूस तिच्यावर जन्मठेपेला जाऊ शकतो, फासावरही. म्हणून ती घेण्याआधी काय काय विचारायचं, याची यादीच ठरलेली आहे. मला ती तोंडपाठ होती. परीक्षेत या विषयात पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि तसे गुण मिळवलेल्या माणसाच्या अंगात जो तोरा असतो, तो माझ्याही अंगात भरपूर होता.

"मी पोलीस नाही, मॅजिस्ट्रेट आहे, हे कळलं का तुम्हाला?"

"व्हय."

"कबुली दिलीच पाहिजे असं नाही. दिलीत, तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. कळलं?"

"व्हय."

"पोलिसांनी तुम्हाला मारलं का?"

"न्हाई."

"धमकी दिली? तुम्हाला जिवे मारू, उपाशी ठेवू, असं काही?"

"न्हाई. जेवाय देत हुते."

"कबुली दिलीस तर तुला सोडून देऊ, असं आमिष दाखवलं?"

"मला? न्हाई."

मी त्याला सदरा काढायला लावला. पाठीवर, दंडांवर वळ नव्हता. तळपाय पाहिले, तेही स्वच्छ. नाईकनवऱ्यांनी तशी नोंद केली. माझं समाधान झालं होतं, पण नियम म्हणजे नियम. मी वॉरंट लिहिलं: आरोपीस उपकारागृहात ठेवावे, त्यास कोणाही पोलीस अधिकाऱ्यास भेटू देऊ नये, उद्या दुपारी अडीच वाजता हजर करावे. खाली झोकात सही ठोकली.

बिराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पश्चात्ताप. मनावरचं ओझं कधी एकदा उतरतंय, असं झालंय बिचाऱ्याला. एवढं सगळं मी त्याच्या वतीनं मनात जुळवलं आणि मला त्याची दयासुद्धा आली.

दुसऱ्या दिवशी अडीचला त्याला आणलं. पोलीस पुन्हा कडुनिंबाखाली, दार पुन्हा बंद. कालचे सगळे प्रश्न मी परत विचारले, त्यानं तीच उत्तरं दिली. फरक एवढाच, की काल तो माझ्याकडे बघून बोलत होता आणि आज जमिनीकडे.

"काल रात्री पोलीस भेटायला आले होते?"

"न्हाई. कुनीच आलं न्हाई."

"बरं. सांगा मग."

त्यानं सांगायला सुरुवात केली आणि मी माझ्या हातानं उतरवून घेऊ लागले. "सदर बाई एकटीच राहते हे मला माहीत होते. तिच्या गळ्यातील सोन्याची बोरमाळ पाहून माझ्या मनात लोभ उत्पन्न झाला. मी रात्रौ साडेअकराच्या सुमारास सदर ठिकाणी गेलो. तिने आरडाओरडा केल्याने मी बाजूस पडलेला लोखंडी पाइप उचलून तिच्या डोक्यात मारला."

बोलताना मध्ये कुठे अडखळला की तो मागे जाऊन पहिल्यापासून ते वाक्य म्हणत होता. शाळेत पाढे म्हणताना आपण जातो तसा.

माझा पेन थांबला. मघापर्यंत "न्हाई", "हुतं", "म्या" म्हणणारा माणूस. त्याच्या तोंडी "रात्रौ" आणि "सदर" कुठून आलं? मी नाईकनवऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस खिडकीबाहेर कधी बघतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

"पुढे काय झालं?" मी विचारलं.

"सदर पाइप मी ओढ्यात फेकून दिला. किती वाजलं, बाईसाहेब?"

"तीन वाजून पाच मिनिटं. काल पण विचारलंत. कुठे जायचंय का तुम्हाला?"

त्यानं बंद दाराकडे पाहिलं. कागदावर नसलेला एक प्रश्न मग मी विचारला. फार हुशारीनं विचारला असं नाही. त्याचे डोळे लाल दिसत होते, एवढंच.

"रात्री झोपला नाहीत वाटतं?"

"न्हाई."

"का?"

"पोर रडत हुती."

"जेलमध्ये पोर?"

"जेलात न्हाई. पल्याड." एवढं बोलला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "कुनाची तरी आसंल. मला काय ठावं? लिवा तुमी, बाईसाहेब. पुढचं सांगतु."

"थांबा. नाईकनवरे, जेलच्या पलीकडे काय आहे?"

नाईकनवरे चष्मा पुसायला लागले.

"नाईकनवरे!"

"ठाणं आहे, मॅडम."

"कुठलं ठाणं?"

"पोलीस ठाणं. म्हणजे असं आहे, की मामलेदार कचेरीच्या जुन्या इमारतीचे दोन भाग केलेत. पुढचा भाग ठाण्याला, मागचा सबजेलला. जेलचं दार मागच्या गल्लीत आहे. मधली भिंत एकच."

"आणि पहारा?"

"पहाऱ्यालाही तीच माणसं असतात. आळीपाळीनं."

सहा आठवडे मी रोज उपकारागृहाच्या वॉरंटांवर सह्या करत होते. ते उपकारागृह आहे कुठे, हे एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. मनानं मी ते ट्रेझरीच्या मागे कुठेतरी बांधून ठेवलं होतं, उंच भिंतीचं, पोलिसांपासून लांब.

"हे मला काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. सगळे साहेब तिथंच पाठवतात. दुसरं आहे कुठं?"

खरं होतं ते. मला नाईकनवऱ्यांचा भयंकर राग आला आणि तो त्यांच्यावर काढायचा हक्क मला नव्हता.

"मेटकरी," मी म्हणाले, "पोर कुणाची?"

 त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

मी उठले. "नाईकनवरे, यांना पाणी द्या. दार आतून लावून घ्या. मी येईपर्यंत गुळवे येवोत नाही तर त्यांचे वरिष्ठ, उघडायचं नाही."

"मॅडम, कुठं निघालात? कोट तरी..."

कोट काढायचं भानच नव्हतं. तशीच काळा कोट आणि गळ्यात पांढरे बँड अडकवून मी ऑक्टोबरच्या उन्हात आवार ओलांडलं. दोनशे पावलंसुद्धा नसतील. बाररूमच्या पायरीवर चहा पीत बसलेले वकील उठून उभे राहिले. मॅजिस्ट्रेट पायी पोलीस ठाण्याकडे चाललेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. कडुनिंबाखालचा एक हवालदार सायकल घेऊन माझ्यापुढे पळाला.

ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्यावर एक बाई बसलेली होती. बावीस-तेवीसची असेल. डोक्यावर पदर, मांडीवर सहा-सात महिन्यांची मुलगी. मुलीनं रडायला तोंड उघडलं होतं, पण आवाज येत नव्हता. रडून रडून घसा बसला होता.

गुळवे टोपी सारखी करत बाहेर आले. उंच, हसतमुख माणूस. "मॅडम, तुम्ही? फोन करायचा, मीच आलो असतो की."

"ही बाई कोण?"

"आरोपीची बायको. बायडाबाई. नवरा आत, म्हणून बिचारी येऊन बसलीय. आम्ही चहा-बिहा देतो तिला."

"कधीपासून?"

"असेल सकाळपासून."

"गुळवे, बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जाऊन चौकशी करायची असते."

"बोलावलंय कुणी, मॅडम? आपल्या मनानं आलीय. विचारा की तिलाच."

मी तिच्यासमोर वाकले. "बायडाबाई, मी कोर्टातली मॅजिस्ट्रेट आहे. तुम्ही इथं कधी आलात?"

तिनं माझ्या खांद्यावरून गुळव्यांकडे पाहिलं. "म्या माज्या मनानं आले."

मी विचारलं होतं कधी.

"बरं, उठा. माझ्याबरोबर चला."

"नगं."

"का? तुमचं तुम्ही आलात ना?"

"म्या माज्या मनानं आले," ती पुन्हा म्हणाली, अगदी त्याच सुरात.

मी सरळ उभी राहिले. माझ्या हातात काय होतं? तक्रार नाही, अर्ज नाही, साक्षीदार नाही. ठाण्याच्या डायरीत या बाईची ओळसुद्धा नसणार. जिची नोंदच नाही तिला सोडा असा हुकूम कसा देणार? हे गुळव्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. ते अदबीनं हात पुढे बांधून उभे होते, आणि ती अदब पाहून माझं डोकं फिरलं.

मी त्या बाकावर बसले.

"मॅडम, हे काय?"

"काही नाही. मीही माझ्या मनानं आलेय."

"आत केबिनमध्ये बसा ना. पंखा लावतो."

"इथंच बरं आहे. वारा येतोय."

गुळवे हसले. मग हसायचे थांबले. पाच मिनिटांत व्हरांड्यासमोर आठ-दहा माणसं जमली. दोन वकील, चहावाला, दाखल्यासाठी आलेले शेतकरी. काळ्या कोटातली बाई ठाण्याच्या बाकावर का बसलीय, हे एकमेकांना विचारत होते. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते.  नोकरी पक्की व्हायला अजून दीड वर्ष होतं. आणि बिरानं खरंच खून केला असेल, तर मी कुणासाठी इथं बसले होते?

गुळवे फोनवर बोलायला आत गेले. तेवढ्यात शेजारून हलक्या आवाजात शब्द आले. तिची मान खालीच होती, ओठही हलत नव्हते.

"दोन राती झाल्या."

"काय?"

"परवा सांजंला आनलं. म्हनले, त्यो सांगून मोकळा झाला, की तू मोकळी. न्हाई सांगितलं तर तू बी इतंच. पोरीला अंगावर दूद ऱ्हायलं न्हाई."

"काल..."

"काल सोडनार हुते. पाच वाजता सोडतू म्हनले हुते. मग हवालदार म्हनला, जजबाईनं आनि एक दिस वाडवलाय."

 ज्या चोवीस तासांवर मी झोकात सही ठोकली होती, ते या बाईनं या बाकावर काढले होते. त्याला विचार करायला मिळावेत म्हणून दिलेले तास. मी मान फिरवली आणि त्या मुलीकडे पाहिलं. मुलगी आता रडायचीही थांबली होती.

गुळवे परत आले. वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मॅडम, वकील मंडळी बघताहेत. उद्या पेपरात येईल."

"येऊ दे."

"तुमचंच नाव खराब होईल हो. नवीन आहात, म्हणून सांगतो."

"होऊ दे की. आपण दोघं बरोबरच येऊ. फोटो या बाकाचा घ्यायला सांगते."

  समोरच्या गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "साहेब, त्या बाईला कशापायी बसवलंय?"

"बसवलंय कुणी?" गुळवे कडाडले. मग बायडाबाईकडे वळून म्हणाले, "ए बाई, जा घरी. कुणी अडवलंय तुला? ऊठ!"

तिला उभं राहता येत नव्हतं. दोन दिवस बसून पाय आखडले होते. मी मुलीला घेतलं आणि तिला हाताचा आधार दिला. गर्दी बाजूला झाली. काळ्या कोटावर मुलीच्या तोंडाची लाळ लागत होती. आम्ही तिघींनी ते आवार उलट्या दिशेनं ओलांडलं.

नाईकनवऱ्यांनी माझा आवाज ओळखून कडी काढली. बिरा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. बायको आत आलेली पाहून तो उठला नाही. आधी त्यानं तिच्या मागे दाराकडे पाहिलं, पोलीस आहेत का ते. मग मुलीकडे. मग हात पुढे केले. मी मुलीला त्याच्या हातात दिलं. नाईकनवरे म्हणाले, "मॅडम, हे नियमात..." आणि वाक्य अर्धवट सोडून डबा उघडायला लागले. त्यांच्या डब्यात दहीभात उरला होता, तो त्यांनी न सांगता बायडाबाईंपुढे ठेवला.

तिचं खाऊन झाल्यावर मी माझ्या खुर्चीत जाऊन बसले. समोर माझ्याच अक्षरातला अर्धा कबुलीजबाब होता.

"मेटकरी, आता सांगा. तुम्हाला कबुली द्यायची आहे का?"

"हिला कुटं धाडनार?" त्यानं विचारलं.

"तुमच्या घरी."

"घरी नगं. घरी येत्याल परत. हिच्या भावाकडं. तिगं भाव हैत तितं, गावात वजन हाय त्यांचं."

"बरं. पावणेपाचची गाडी आहे तिकडे. आमचे शिपाई मुलाणी सोबत जातील, गाडीत बसवून देतील. आता सांगा."

बिरानं नकारार्थी मान हलवली. "गाडी सुटल्यावर सांगतु."

नाईकनवऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टानं आरोपीची वाट बघायची, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी पेन खाली ठेवला.

"ठीक आहे," मी म्हणाले. "गाडी सुटल्यावर."

मुलाणी मायलेकींना घेऊन गेले. आम्ही तिघं बसून राहिलो. गुळवे कडुनिंबाखाली येऊन उभे होते, खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. साडेचार झाले. पावणेपाच झाले. बिरा दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता; वाचता येत नसावं, कारण प्रत्येक वेळी मला विचारत होता आणि मी प्रत्येक वेळी सांगत होते. पाच वाजले. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं: स्टँडवर कुणी उभं असेल तर, मुलाणींना कुणी हटकलं तर. पाच वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.

मुलाणी धापा टाकत होते. "गेली गाडी, मॅडम. उशिरा लागली जरा. खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टर आमच्याच गल्लीतला आहे, भावांच्या हवाली करूनच पुढं जाईल."

बिरानं डोळे मिटले. उघडले आणि म्हणाला, "मला काय बी सांगायचं न्हाई."

मी त्या अर्ध्या कबुलीवर आडवी रेघ मारली. तिच्याखाली लिहिलं, की आरोपी कबुली देण्यास राजी नाही, आणि कबुलीची तयारी त्यानं कोणत्या परिस्थितीत दाखवली होती. भिंत, बाक, दोन रात्री, सगळं लिहिलं. कबुली नाकारणाऱ्याला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देता येत नाही, कायद्याचं ते कलम मी खाली ठळक लिहिलं. जिल्ह्याला फोन करून तिथल्या पोलिसांची वेगळी तुकडी मागवली आणि त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवायचा हुकूम केला.

पुढचं इथंच सांगून टाकते. चौदा महिन्यांनी सेशन्स कोर्टात बिरा सुटला. पुराव्यात काहीच नव्हतं. तो पाइप ओढ्यात कधी सापडला नाही, बोरमाळही नाही. द्रौपदाबाईंची लेक मला एकदा कोर्टाच्या पायरीवर भेटली आणि म्हणाली, "माझी आई मेली, त्याचं काय?"  खून बिरानं केला की नाही, हे मला आज सव्वीस वर्षांनंतरही माहीत नाही. नऊ दिवस एकाच माणसाला पढवण्यात घालवले नसते, तर कदाचित कळलं असतं. ठाण्याच्या बाकावर बसणं न्यायाधीशाला शोभतं का, असा खुलासा वरून मागवला गेला. मी दोन ओळींत उत्तर दिलं आणि वर्षभरात माझी बदली झाली. पुढे नोकरीत होते तोवर कबुली घ्यायला बसले, की मी एक प्रश्न जास्तीचा विचारत असे: तुमच्या घरातलं कोण कोण, आत्ता या घटकेला, कुठे आहे? आणि चोवीस तास द्यायच्या आधी ती खोली स्वतः जाऊन बघत असे.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. जिल्ह्याची गाडी यायला तास होता. सह्या-अंगठे झाले होते. नाईकनवरे कागद शिवत होते. बिरा शांत बसला होता, बरीच रात्र जागून झाल्यावर माणूस बसतो तसा.

"मेटकरी," मी म्हणाले, "एक विचारू? हे कागदावर येणार नाही."

"इचारा की."

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, कुणाचा धाक आहे का. पोलीस बाहेर होते, दार बंद होतं. काल राहू दे, पण आज दुपारी तरी सांगायचं होतंत. बायको तिथं बसलीय, एवढंच. मी लगेच उठले असते."

 मी खरंच विचारतेय की नाही, याचा त्याला अंदाज येत नसावा.

"सांगनारच हुतो," तो म्हणाला. "काल तुमी पोलिसास्नी भाईर घालवलं, माजं पाय बगितलं. जाताना वाटलं, ही बाई येगळी दिसतीया. आज धीर हुईना, उद्या सांगून टाकू."

"मग?"

"मग तुमी तितं धाडलं."

"कुठे?"

"जेलात. भिंतीच्या अल्याड म्या, पल्याड पोर रडतीया. रातभर."  त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "सही तुमचीच हुती न्हवं? म्या म्हनलं, पोरीचं रडनं मला नीट ऐकू यावं म्हनूनच बाईसाहेबांनी तितं धाडलं आसंल."